स्थैर्य म्हणजे काय ? : शास्त्रांतील अर्थ व शेतकऱ्याचा हिशोब

बियाणें घेतांना ‘हें वाण स्थिर आहे’, घर बांधतांना ‘हा पाया स्थिर आहे’ आणि वाडी लावतांना ‘या झाडाचें उत्पन्न स्थिर आहे’ असें आपण ऐकतों. तिन्ही ठिकाणीं शब्द एकच असला तरी अर्थ एक नाहीं. आणि अर्थाची गफलत झाली तर नुकसान शेतकऱ्याचें होतें. तलासरी तालुक्यांतील वेवजी हें गुजरातच्या सरहद्दीवरचें गांव. पावसावरचें भात, वरकस जमिनींतील नागली-वरई, आणि शेजारच्या डहाणू-घोलवड पट्ट्यांतील चिकूच्या वाड्या असे शेतीचे निरनिराळे प्रकार या भागांत दिसतात. तेथील उदाहरणें घेऊन या शब्दाची फोड करूं.

१. मूळ जागीं परत येणें. – परातींत एक गोटी ठेवा व दुसरी पालथ्या वाटीच्या माथ्यावर तोलून ठेवा. दोन्ही निश्चल दिसतील. परंतु बोटानें किंचित् ढकलतांच परातींतली गोटी इकडेतिकडे हेलकावून पुन्हा तळाशीं येते. वाटीवरची घसरून जाते ती परत येत नाहीं. यावरून निश्चल असणें निराळें व स्थिर असणें निराळें, हें ध्यानांत येईल. ल्यापुनोव्ह या रशियन गणितज्ञानें १८९२ सालीं या कल्पनेस गणिताचें रूप दिलें. उन्हांत राबणाऱ्या माणसास घाम येऊन शरीराची उष्णता पुन्हा नेहमींच्या मानावर येते, हेंहि याच जातीचें स्थैर्य होय.

२. धक्का बसूनहि न मोडणें. – मातीचें वाळलेलें ढेंकूळ पाण्याच्या पेल्यांत अलगद सोडा. तें लगेच विरघळून गाळ झाला तर त्या मातीची कणरचना अस्थिर समजावी. पहिल्या जोरदार सरींतच अशा जमिनीचा पृष्ठभाग बसून जातो. घरासहि हीच कसोटी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागांत भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हां हा प्रश्न घरोघरीं आला. मातींत रचलेली जड भिंत वरकरणीं भक्कम दिसते. परंतु आडव्या हिसक्यानें ती तडकली म्हणजे सांधत नाहीं. कारवीच्या काठ्यांचा, शेणमातीनें लिंपलेला कूड हलतो, त्याचा लेप तडकतो, पण तो हलका असल्यामुळें अंगावर जड ओझें कोसळण्याचें भय कमी. तेव्हां जें हलत नाहीं तेंच स्थिर, असें समजूं नये.

३. वर्षावर्षांतील चढउतार अल्प असणें. – पिकाच्या बाबतींत बहुधा हा अर्थ अभिप्रेत असतो. हिशोबासाठीं भाताचीं दोन कल्पित वाणें घेऊं. पहिलें वाण चांगल्या सालीं हेक्टरीं ४०, मध्यम सालीं ३२ व वाईट सालीं १८ क्विंटल देतें, सरासरी ३०. दुसरें अनुक्रमें २८, २७ व २६ देतें; सरासरी २७. सरासरीनें पहिलें सरस ठरतें. परंतु ज्या कुटुंबास खाण्यास, बियाण्यास व देणीं फेडण्यास वर्षाला २० क्विंटल लागतात, त्यास पहिलें वाण वाईट सालीं उणें पडतें. दुसरें कधींच पडत नाहीं.

फिन्ले व विल्किन्सन यांनीं ऑस्ट्रेलियांत सातूच्या २७७ वाणांचा असा अभ्यास करून १९६३ सालीं प्रसिद्ध केला. हंगामाचें मान एका एककानें वाढलें तर वाणाचें उत्पन्न कितीनें वाढतें, हें त्यांनीं मोजलें. वरील दोन वाणांच्या सरासरीसच हंगामाचें मान धरल्यास पहिल्या वाणाचा हा आंकडा सुमारें १.८४ व दुसऱ्याचा ०.१६ येतो. पहिलें सुकाळीं धांवतें व दुष्काळीं कोसळतें; दुसरें जवळजवळ हलतच नाहीं. मात्र दरसाल १० क्विंटलच देणारें वाणहि याच अर्थीं ‘स्थिर’ ठरेल ! म्हणून स्थैर्य व सरासरी हे दोन्ही आंकडे जोडीनें पहावे.

४. मर्यादेची जाणीव. – परातींतली गोटीसुद्धां जोरानें ढकलली तर कांठ ओलांडते. हॉलिंग या जीवशास्त्रज्ञानें १९७३ सालीं हाच भेद दाखविला : व्यवस्था किती लवकर पूर्वस्थितीस येते हें एक, आणि किती मोठा आघात सोसूनहि टिकते हें दुसरें. या तालुक्यांत त्याचा दाखला शोधावयास दूर जावयास नको. एका वाईट सालीं घेतलेली खावटी किंवा लग्नासाठीं काढलेलें कर्ज फेडतांना वारली कुटुंबें वर्षानुवर्षें वेठीस जुंपलीं जात. लग्नगडी तो हाच. पुढें पाऊस चांगला पडला तरी तें कुटुंब पूर्वस्थितीस येत नसे, कारण कांठ ओलांडला गेला होता. १९४५ सालीं झरी येथें वारल्यांनीं वेठीविरुद्ध उठाव केला, त्याच्या मुळाशीं हें दुःख होतें.

अनेक पिकें घेतल्यानें स्थैर्य येतें काय, याविषयीं शास्त्रज्ञांतहि वाद झाला. मे यांनीं १९७२ सालीं गणितानें दाखविलें कीं, घटक व त्यांचे परस्परसंबंध वाढले म्हणजे व्यवस्था स्थिर होतेच असें नाहीं. उलट टिल्मन व डाउनिंग यांनीं १९९४ सालीं अमेरिकेंतील गवताळ भूखंडांवरून दाखविलें कीं, अवर्षणांत बहुविध वनस्पतींच्या भूखंडांचें उत्पन्न कमी घटलें. दोघेहि खरे, कारण दोघांनीं ‘स्थैर्य’ शब्द निराळ्या अर्थानें वापरला. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि चिकूची तोडणी वर्षांतून अनेक वेळां होत असल्यानें पैसाहि वारंवार हातीं येतो. परंतु बीं पोखरणारी अळी वाढली कीं सगळी वाडी एकदमच सांपडते. येथें मिश्र लागवड उपयोगी. मात्र एकाच किडीस वा एकाच वाऱ्यास बळी पडणारीं झाडें मिसळून कांहीं साधत नाहीं.

सारांश, कोणी ‘स्थिर’ म्हटलें कीं तीन प्रश्न विचारावे : कशाचें स्थैर्य, कोणत्या आघातापुढें, व कोठवर ? उत्तरासाठीं आपल्याच शेताची नोंद ठेवावी. वाण, पेरणीची तारीख, पावसाचें मान व झोडणीनंतरचें वजन एवढें निदान पांच वर्षें लिहावें, आणि त्यांत वाईट साल वगळूं नये. वाण निवडतांना प्रथम त्याच सालाचा आंकडा पहावा. तो घरच्या गरजेहून उणा असेल, तर तें वाण सगळ्या क्षेत्रांत लावूं नये.