लॉबी बघून ऑपरेशन ठरवू नका

"डॉक्टर, मुंबईतलं सगळ्यात बेस्ट हॉस्पिटल कुठलं?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, "कशासाठी?" समोरचा माणूस दुखावतो. "कशासाठी म्हणजे? आमच्या बाबांसाठी!" बाबांना नेमकं काय झालंय, हे मात्र घरात कोणालाच नीट ठाऊक नसतं. सोनोग्राफीचा कागद पिशवीत असतो, तो अजून कोणी वाचलेलाही नसतो. पण मेव्हण्याने एक नाव सुचवलेलं असतं, चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं आलेलं असतं आणि मुलाने मोबाइलवर तारे मोजून तिसरं काढलेलं असतं.

ते तारे कशाचे असतात, कधी वाचून बघा. पार्किंग मिळालं, रिसेप्शनवरची मुलगी हसून बोलली, कॅन्टीनचा चहा थंड होता. पोटातला टाका सुटला का, जखमेत पू झाला का, पेशंट महिन्याभरात परत ॲडमिट झाला का, यातलं काही त्यात सापडत नाही.

लालबाग-परळमध्ये एवढी वर्षं प्रॅक्टिस करताना एक समज काही केल्या हलताना दिसला नाही. जेवढं हॉस्पिटल चकचकीत, जेवढं बिल मोठं, तेवढा इलाज चांगला. त्याचंच जुळं भावंड म्हणजे "सरकारी म्हणजे मरायला". आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया हॉस्पिटल, समोर कॅन्सरचं टाटा. बिहार-बंगालपासून माणसं दीड-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून इथे येतात, फुटपाथवर पथारी पसरतात. आणि आमचा चाळीतला माणूस त्याच फुटपाथवरून चालत जाऊन पतपेढीतून कर्ज काढतो, कारण मेव्हण्याने सांगितलेल्या हॉस्पिटलच्या लॉबीत कारंजं आहे.

केईएम सुरू झालं १९२६ साली. तिथे भारतीय डॉक्टरच काम करतील, हा त्यामागचा आग्रह होता. देशातलं पहिलं हृदयारोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली तिथेच केलं. तो पेशंट फार काळ जगला नाही, पण जगात तेव्हा हे धाडस फारच थोड्यांनी केलं होतं. हे ऐकून कोणी म्हणेल, मग डॉक्टर, सगळ्यांनी केईएमलाच जायचं का? अजिबात नाही. हा इतिहास तुमचं ऑपरेशन करायला येत नाही. तुमच्या आजारासाठी आज तिथे कोण बसतं आणि ते काम त्यांच्या हातून किती वेळा होतं, हे बघायचं. ज्या खानावळीत रोज बोंबील-पापलेट खपतात तिथेच मासे खावेत, हे गिरगावकराला सांगावं लागत नाही. ऑपरेशनच्या वेळी तेच शहाणपण कुठे जातं?

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या सुमारे २५ लाख शस्त्रक्रियांचा हिशेब २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. स्वादुपिंडाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया जिथे क्वचितच व्हायची, तिथे शंभरातले सुमारे १६ रुग्ण दगावत. जिथे ती सतत व्हायची, तिथे ४ सुद्धा नाहीत. अन्ननलिकेच्या बाबतीतही फरक मोठा होता. पण त्याच अभ्यासात मानेतली रक्तवाहिनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत आकडे होते १.७ आणि १.५, म्हणजे जवळजवळ सारखेच. तेव्हा प्रत्येक गोष्टीसाठी मोठ्या संस्थेच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. हर्निया, साधे पित्ताशयाचे खडे, मोतीबिंदू यांसाठी दादरच्या एखाद्या चांगल्या नर्सिंग होममध्ये खुशाल जा. ते तिथे रोजचंच काम असतं, तुमचा खाडाही कमी होतो. घोळ होतो तो कॅन्सर, स्वादुपिंड, यकृत, मेंदू, लहान मुलाचं हृदय असल्या कामांत. तिथे "ओळखीचा सर्जन आहे, सांभाळून घेईल" हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं सांगतो. गिरणीतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या आसपास. डोळे पिवळे झाले. ताप नाही, पोटात दुखणं नाही, म्हणून कोणाला काळजीही नाही. त्यांना नेलं काविळीवाल्याकडे. त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, "बघा, कावीळ उतरली". अहो, हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावला की चुन्याच्या निवळीत ते पाणी पिवळं होणारच. तुमचे हात धुतले तरी होईल, माझे धुतले तरी होईल. या लोकांचं फावतं कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते आणि नाव काविळीवाल्याचं होतं. काकांची कावीळ वाढतच गेली. तीन आठवड्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा अंग खाजवून सोलवटलेलं, शौचाचा रंग मातकट पांढरा, पँट कमरेवर राहत नव्हती. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ निघाली.

उतारवयात न दुखता आलेली कावीळ, खाज, पांढुरकं शौच, उतरणारं वजन, किंवा घरात कोणाला नसताना साठीनंतर अचानक आलेला डायबेटिस आणि सोबत घटणारं वजन: यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. काविळीची माळ, झाडपाला, मोबाइलवरचं उसाच्या रसाचं लिव्हर-डिटॉक्स, सगळं बाजूला ठेवा.

काकांच्या मुलाला तोवर एक "मदत करणारा" माणूस भेटला होता. हॉस्पिटलची यादी, पॅकेज, उद्याचा बेड, सगळं त्याच्या खिशात. मी मुलाला म्हटलं, जा खुशाल, पण दोन प्रश्न विचारून ये. हे ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती होतात? आणि रात्री दोन वाजता पोटातून रक्त यायला लागलं तर पाच मिनिटांत पलंगाजवळ कोण येईल? उत्तर आलं, "साहेब आहेत ना, साहेब सगळं बघतात." आकडा आला नाही. मुलगा मुकाट्याने सार्वजनिक संस्थेच्या रांगेत उभा राहिला. रांग लांब होती, तो वैतागला, मला चार शब्द ऐकवूनही गेला. तिथे आधी पित्तनलिकेत नळी घालून कावीळ उतरवली, मग ऑपरेशन, मग केमो. तीन आठवड्यांत गाठ पसरली नव्हती हे नशीब. काका आजही साखर तपासायला येतात आणि पथ्याबद्दल खोटं बोलतात.

असा मदत करणारा माणूस फुकट फिरत नाही. डॉक्टरांतही कट, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, घेणारे आहेत, हे लिहायला मला लाज वाटते, पण लपवून काय उपयोग? राज्य सरकारने २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला होता. कट काही थांबलेला नाही. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरलाही सरळ विचारा, "याच हॉस्पिटलात का?" चिडला तर समजून जा. कारण सांगितलं तर ऐका.

आणखी काही गोष्टींनी सावध व्हा. तातडी नसताना "आजच ठरवा, उद्या बेड मिळणार नाही" असं म्हणणं. रिपोर्टची प्रत द्यायला कां कू करणं. खर्चाचा अंदाज तोंडी सांगणं. दुसरं मत घ्यायचं म्हटल्यावर सर्जनचा चेहरा पडणं. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. चांगल्या सर्जनला त्याचं काही वाटत नाही. मात्र दुसरं घेतलंत, फार तर तिसरं घ्या. सातवं मत घेत फिरणाऱ्यांची गाठ त्यांची वाट बघत थांबत नाही. भिंतीवर एनएबीएचचं प्रमाणपत्र असेल तर चांगलंच, पण ते व्यवस्थेचं असतं, सर्जनच्या हाताचं नसतं. डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा; नसेल तर उठून बाहेर या.

"पण डॉक्टर, केईएमला शिकाऊ पोरं कापाकापी करतात." हेही रोज ऐकतो. तिथले निवासी डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि रात्री दोनला वॉर्डात असतात. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री कोण असतं, त्याची पदवी काय, हे तुम्ही कधी विचारलंत? हाल होतात हे खरं आहे. जमिनीवर गादी मिळते, एमआरआयला तारीख मिळते, पंखा चालतोच असं नाही. हे हाल सोसायचे की नाहीत, ते आजार कुठला आहे त्यावर ठरवा.

कॅन्सरच्या बाबतीत जरा आवाज चढवून बोलतो. छातीत, मानेत, कुठेही गाठ असेल तर "छोटीशी आहे, काढून टाकू" म्हणणाऱ्याकडून घाईने काढून घेऊ नका. आधी सुईने तपासणी. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो या गैरसमजाने बायका वर्ष-वर्ष गाठ लपवतात. बायोप्सीला भिऊन घालवलेल्या त्या वर्षातच आजार पुढे जातो. पहिलं ऑपरेशन अर्धवट झालं की नंतर टाटातल्या सर्जनचंही काम अवघड होतं. कुठेही काही कापून काढलं तर तो तुकडा तपासायला गेलाच पाहिजे आणि त्याच्या काचपट्ट्या व मेणाचे ब्लॉक मागून घ्या. पुढच्या ठिकाणी ते परत तपासतात. स्कॅनची सीडी सांभाळा. तडा गेलेल्या मोबाइलवर रिपोर्टचा तिरका फोटो दाखवून "काय वाटतं?" विचारू नका, मला त्यात तुमचा अंगठाच दिसतो. टाटात जनरल आणि प्रायव्हेट अशी दोन्हीकडे नोंदणी होते; फरक सोयींचा, उपचार तेच. गावाहून नातेवाईक येणार असतील तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करा.

पैशाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे, एवढं पुरत नाही. तुमच्या आजाराच्या विभागासाठी आहे का, ते बघा. योजनेच्या आरोग्यमित्राला ॲडमिट होतानाच भेटा. योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरून मागाहून पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. आणि जे बऱ्याच जणांना माहीत नसतं: धर्मादाय न्यासाची बडी हॉस्पिटलंही उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायला बांधील आहेत. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा दाखला तयार ठेवा. काउंटरवर "कोटा भरला" म्हणाले तर समाजसेवा विभागात जा, तिथेही ऐकलं नाही तर वरळीचं धर्मादाय आयुक्तालय आहे. मेडिक्लेमवाल्यांनी रूमच्या भाड्याची मर्यादा आधी वाचा. मर्यादा ओलांडून डीलक्स रूम घेतली, तर अनेक पॉलिसींत बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. मग भांडायला माझ्याकडे येऊ नका.

हे सगळं निवडणं, विचारणं हाताशी वेळ असताना. छातीवर दडपण, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर सोडा पिऊन गॅस उतरायची वाट बघू नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. अशा पेशंटला पाणी पाजू नका, घरातली बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, १०८ ला फोन करा. जवळचं कोणतं हॉस्पिटल रात्रीही अँजिओप्लास्टी करतं, कुठे चोवीस तास सीटी चालतो, हे आजच विचारून फ्रिजवर चिकटवा. लालबागकरांनी आणि गिरगावकरांनी गणपतीच्या दिवसांसाठी वेगळी चिठ्ठी लिहावी, कारण अनंत चतुर्दशीला नेहमीचा रस्ता बंद असतो आणि हार्ट ॲटॅक मिरवणूक संपायची वाट बघत नाही.

ओपीडीला जाताना सोबत एकच माणूस न्या, ऐकणारा आणि लिहून घेणारा. आठ जण आले की नऊ प्रश्न होतात आणि गोळी कधी घ्यायची ते कोणालाच आठवत नाही. फाइल तारखेप्रमाणे लावा. आणि डायबेटिसवाल्यांनी "रक्त तपासतील" म्हणून गोळी घेऊन पहाटे पाचपासून रांगेत उपाशी उभं राहू नये. उपाशीपोटी रक्त द्यायचं का, हे आदल्या दिवशी विचारा. खिशात साखरेची पुडी ठेवा आणि घाम फुटून हात थरथरायला लागले तर रक्त द्यायचं राहू द्या, आधी ती खा.