सांडपाण्यातले विष

पैठणजवळ गोदावरी नदीवर जायकवाडी धरण आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. धरणाच्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून 'नाथसागर' म्हणतात. या पाण्यावर शेते पिकतात. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरही हेच पाणी पिते.

पण शहरात वापरलेले पाणी कोठे जाते? ते गटारांत जाते. गटारांतून आणि नाल्यांतून ते खाम नदीत येते. औरंगाबादची पाणचक्की तुम्हांला ठाऊक असेल. तिच्या जवळून वाहते तीच ही नदी. पुढे ती नाथसागराला मिळते. म्हणजे शहर ज्या जलाशयातून पाणी आणते, त्याच जलाशयाकडे त्याचे सांडपाणीही जाते.

सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात सूक्ष्म जीवाणू घाण खाऊन टाकतात. अन्नाचे कण, मलमूत्र कुजून नाहीसे होतात. परंतु शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू कुजत नाहीत. जीवाणू त्यांना नष्ट करू शकत नाहीत. धातूंना मुलामा देणारे कारखाने, रंग आणि जुन्या बॅटऱ्या यांतून हे धातू पाण्यात येतात. त्यांतील बराच भाग गाळात बसतो. तो गाळ खत म्हणून शेतात टाकला, तर धातू पिकांत उतरू शकतात. जे धातू पाण्याबरोबर वाहत जातात, ते नदीच्या आणि जलाशयाच्या तळाशी साचतात.

यातून केवढा अनर्थ होतो, हे जपानमधील मिनामाटा गावाने दाखवून दिले. तेथील एक कारखाना पारा असलेले सांडपाणी समुद्रात सोडत असे. पारा माशांच्या शरीरात साठला. ते मासे खाणाऱ्या मांजरी वेड्यासारख्या धावू लागल्या. १९५६ साली माणसांमधील रोग उघडकीस आला. लोकांचे हातपाय थरथरत, बोलणे अडखळे, दृष्टी मंद होई. अनेकांचा मृत्यू झाला. पाणी दिसायला मात्र स्वच्छच होते!

म्हणून धातू गटारात शिरण्यापूर्वीच अडवले पाहिजेत. कारखान्याच्या सांडपाण्यात चुना मिसळला, की बरेच धातू तळाशी बसतात. मग तो गाळ सुरक्षित जागी ठेवता येतो. विषारी द्रव्ये नदीत किंवा गटारात सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे.

मुलांनो, आपणही काळजी घेऊ या. संपलेले सेल, फुटलेल्या तापमापकातील पारा, उरलेला रंग मोरीत टाकू नये. आपण मोरीत टाकलेले विष नाहीसे होत नाही. ते फक्त आपल्या नजरेआड जाते आणि कोणाच्या तरी पेल्यात किंवा ताटात परत येते.

शब्दार्थ
सांडपाणी – वापरून झालेले घाण पाणी
मुलामा – धातूचा पातळ थर
गाळ – पाण्याच्या तळाशी बसलेली माती व घाण
अनर्थ – मोठे संकट
मोरी – घरातील धुण्याभांड्यांची किंवा आंघोळीची जागा

स्वाध्याय
१. नाथसागर हे नाव कशावरून पडले?
२. जड धातू जीवाणूंमुळे नष्ट का होत नाहीत?
३. मिनामाटा येथे पारा माणसांपर्यंत कसा पोहोचला?
४. तुमच्या घरातील सांडपाणी कोठे जाते, ते पाहून पाच वाक्ये लिहा.