शब्द आणि त्यांचे सोबती : इंग्रजी अध्यापनातील एक अनुभव

एका विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात लिहिले होते, 'माय फादर टुक लिफ्ट फ्रॉम मुकादम.' आम्ही त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि पान उलटले. मुकादमाने वडिलांना आपल्या गाडीत बसवून नेले, एवढाच अर्थ त्यातून निघत होता. मुलाला सांगायचे होते ते वेगळेच : ऊसतोडीच्या हंगामाआधी वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली. 'उचलणे' म्हणजे 'लिफ्ट' आणि 'घेणे' म्हणजे 'टेक', हे दोन्ही अर्थ त्याने शब्दार्थांच्या वहीतून बिनचूक आणले होते. पाठांतरात तो कुठेही चुकला नव्हता. इंग्रजीत या ठिकाणी 'टुक ॲन ॲडव्हान्स' म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि सांगणे हे आमचेच काम होते.

भूम, कळंब, वाशी, परंडा या भागांतून आई-वडील कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात आणि मुले वसतिगृहात राहतात. अशा मुलाला आपल्या घरची सर्वांत मोठी गोष्ट इंग्रजीत सांगावीशी वाटली आणि आम्ही तिला अर्ध्या गुणाची चूक ठरवली. या लेखाचे निमित्त तेच.

शब्दांच्या या ठरलेल्या जोड्यांना भाषाभ्यासक 'कोलोकेशन' म्हणतात; आपण शब्दसाहचर्य म्हणू. हॅरॉल्ड पामर यांनी 1933 मध्ये टोकियोत, परभाषिक विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविण्याच्या कामातूनच, अशा जोड्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला. शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून पटते, हा विचार पुढे रुजविणारे जे. आर. फर्थ हे त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

खरे तर साहचर्याचे ज्ञान आपल्या मुलांना उपजत म्हणावे इतके असते. दिवा लावणे, झाड लावणे, शिस्त लावणे, उशीर लावणे, जीव लावणे : एकाच 'लावणे'चे हे पाच संसार कोणत्याही मुलाला शिकवावे लागत नाहीत. इंग्रजीत मात्र या पाचही ठिकाणी वेगवेगळी क्रियापदे येतात. जोराचा पाऊस आणि जोराचा वारा यांत आपल्याला फरक वाटत नाही. इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. चहाही 'स्ट्राँग', 'हार्ड' नव्हे. का, याला उत्तर नाही. रूढी आहे, इतकेच. शेतात 'बोअर घेतला' हे 'टुक अ बोअर' होते, 'दिवा बंद कर' हे 'क्लोज द लाइट' होते आणि चूक 'मेक' करायची असते ती मुले 'डू' करतात. 'परीक्षा देणे'चे 'गिव्ह ॲन एक्झाम' तर देशभर इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणावे की भारतीय इंग्रजीचे लेणे, यावर आम्हा शिक्षकांतच एकमत नाही.

म्हणजे या चुका अज्ञानाच्या नाहीत. मूल मराठीशी प्रामाणिक राहिल्याने त्या होतात. शब्द वाचून ओळखणे आणि तो योग्य सोबतीने वापरणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत. आमची फळ्यावरची 'रोज पाच शब्द' ही पद्धत पहिल्या कौशल्यापाशीच थांबत होती. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते, तरी मुलाखतीच्या खोलीत आपला मुलगा अडखळतो याचे एक कारण आम्हाला येथे दिसते. पालकांना मात्र अजूनही अवघड, लांबलचक शब्द म्हणजेच चांगले इंग्रजी वाटते. 'मेक', 'टेक', 'हॅव', 'गेट' यांसारखी साधी क्रियापदेच अधिक फसवी आहेत, हे त्यांना पटविणे सोपे जात नाही.

आता वहीत आम्ही एकटा शब्द लिहू देत नाही. 'डिसिजन' आला की 'मेक अ डिसिजन', 'ॲडव्हाइस' आला की 'गिव्ह ॲडव्हाइस', आणि त्यापुढे घरचे, शिवारातले किंवा वसतिगृहातले एक वाक्य. डावीकडे तीच गोष्ट मराठीत कशी म्हणतात तेही लिहायचे, म्हणजे दोन्ही भाषांची वाट कुठे फुटते ते डोळ्यांना दिसते. शब्द कमी होतात, वेळ अधिक जातो, आणि अभ्यासक्रम मागे पडल्याची बोलणीही ऐकावी लागतात.

बँक, रुग्णालय, न्यायालय, पोलीस ठाणे अशा ठिकाणी काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या कामातल्या अशा दहा-वीस जोड्या, मराठी प्रतिरूपासह, शाळेकडे लिहून पाठवाव्यात. आमच्या वहीचे पहिले पान 'उचल घेणे' या जोडीने सुरू झाले आहे.