स्वीप पिकिंग : केर काढण्याची कला

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घात मला दोन-चार केट्या लागणारच, सांभाळून घ्या! पण गिटारबद्दल मराठीत कुणी लिहीत नाही, आणि होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी गिटार पडलेली असते. म्हणून हा खटाटोप.

स्वीप म्हणजे केर काढणे. नाव अगदी बरोबर आहे. साधारणपणे आपण प्रत्येक सुराला पिक एकदा खाली, एकदा वर मारतो. स्वीपमध्ये तसं नाही. लागोपाठच्या तारांवरून पिक एकाच दिशेने, एकाच ओघात सरकत जातो आणि प्रत्येक तारेवर एक सूर वाजतो. हात कमी हलतो, म्हणून वेग मिळतो. स्वीडनच्या यंगवी माल्मस्टीनचा 'रायझिंग फोर्स' हा अल्बम १९८४ साली आला आणि जगभरची पोरं या वेगाच्या मागे लागली. आपल्याकडे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं, तेव्हा रंगभवनच्या गर्दीतही असे वेडे होतेच.

आता माझी गोष्ट. गॅदरिंगच्या बँडमध्ये लीड वाजवायचं असं मी ठरवलं होतं. नवरात्रात टेंभी नाक्यावरच्या घरी गेले. तिथली देवी म्हणजे अख्ख्या ठाण्याची जत्रा! रोषणाई, पाळणे, स्पीकर्स, रात्री उशिरापर्यंत माणसंच माणसं. त्या आवाजात मी खिडकी लावून, अँपवर डिस्टॉर्शन फुल करून रोज तीन-तीन तास वाजवत होते. मला वाटलं, जमलं! दसरा झाला, मांडव उतरला, नाका शांत झाला. सकाळी डिस्टॉर्शन बंद करून तेच वाजवलं, तर नुसता खळखळाट. कपाटातून स्टीलची भांडी पडावीत तसा.

आमचे आजोबा भजनात तबला वाजवतात. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "अगं, ठाय येत नाही आणि चौगुन कसली करतेस? आधी ठायीत वाजव. ठायीत लपायला जागा नसते."

मी ऐकलं नाही. होस्टेलवर परत आल्यावर आणखी जोर लावला. पंधरा दिवसांत जर्नल लिहितानासुद्धा मनगटातून कळ यायला लागली. डॉक्टरांनी तीन आठवडे गिटार बंद करायला सांगितलं. ऑडिशन त्याच तीन आठवड्यांत होऊन गेली. त्या दिवशी मी रूमवर बसून खूप रडले, हेही लिहून टाकते.

मनगट बरं झाल्यावर आजोबांच्या पद्धतीने पहिल्यापासून सुरुवात केली. तोच धडा इथे देते.

फक्त तीन तारा घ्या. सगळ्यात बारीक ती पहिली. कॉर्ड आहे ए मायनर. तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट (मधलं बोट), दुसऱ्या तारेवर दहावा (अनामिका), पहिल्या तारेवर आठवा (तर्जनी) आणि पहिल्याच तारेवर बारावा (करंगळी). ए हा 'सा' धरला तर हे झाले खालचा पंचम, सा, कोमल गंधार आणि पंचम. घरी पेटी असेल तर आधी तिच्यावर वाजवून कान तयार करा.

चढताना पिक जमिनीच्या दिशेने जाऊ द्या. तीन वेगळे फटके मारायचे नाहीत. एक तार वाजली की पिक पुढच्या तारेवर टेकला पाहिजे आणि तिथूनच पुढे 'पडला' पाहिजे. आठवा फ्रेट वाजला की बारावा करंगळी आपटून काढा, पिक न मारता. मग करंगळीने तार किंचित ओढून सोडा, आठवा परत वाजेल. तेवढ्या वेळात पिक अलगद उचलून पहिल्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये आणा आणि वरच्या दिशेने दुसरी, मग तिसरी तार. सूर झाले सात, आठव्या मात्रेला विश्रांती. आठ मात्रा म्हणजे आपला केरवाच की!

आता खरी मेख. किशोरी आमोणकरांच्या हातातलं स्वरमंडल आठवा. त्याच्यावरून बोट फिरवलं की सगळ्या तारा एकमेकींत मिसळून घुमत राहतात, आणि तिथे तेच हवं असतं. स्वीपमध्ये मात्र एका वेळी एकच सूर ऐकू यायला हवा. म्हणून सूर वाजल्याबरोबर डाव्या बोटाचा दाब काढायचा, पण बोट तारेवरून उचलायचं नाही. दाब गेला की तार गप्प होते. वरच्या जाड तारांवर उजव्या तळहाताची कड टेकवून ठेवा. म्हणजे निम्मं काम सूर वाजवण्याचं आणि निम्मं सूर बंद करण्याचं!

मेट्रोनोम ६० वर लावा. ठाय म्हणजे एका टिकला एक मात्रा. मग दुगुन, मग चौगुन. चौगुनीत आठ मात्रा दोन सेकंदांत होतात. डिस्टॉर्शन बंदच ठेवा. लागोपाठ पाच वेळा स्वच्छ आलं तरच मेट्रोनोम चारने वाढवा. दहा मिनिटं वाजवलं की हात झटकून विश्रांती. पिक घट्ट आवळू नका. आणि दुखलं की थांबा, "थोडं अजून" करू नका.

शेवटी जेसन बेकरबद्दल. १९८८ साली 'परपेच्युअल बर्न' आला तेव्हा हा अमेरिकन मुलगा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. त्याचे स्वीप ऐकताना पाणी वाहतंय असं वाटतं. विसाव्या वर्षी त्याला एएलएस हा मज्जातंतूंचा आजार असल्याचं कळलं. हळूहळू हात गेले, मग बोलणंही गेलं. डॉक्टरांनी तीन ते पाच वर्षं सांगितली होती. पण वडिलांनी तयार केलेल्या पद्धतीने तो डोळ्यांच्या हालचालींनी अक्षरं सांगतो आणि संगीत रचतो. २०१८ साली त्याचा 'ट्रायम्फंट हार्ट्स' आला.

मी आज वीस वर्षांची आहे. माझं मनगट तीन आठवड्यांत बरं झालं, त्याचे हात परत आले नाहीत. हे कळल्यापासून घाई करायची लाज वाटते. हात शाबूत आहेत तर नीट वापरावेत, एवढंच.

सध्या माझी चौगुन ६८ वर स्वच्छ येते. बँडमधल्यांना ऐकवली तर ते हसतील. आजोबांनी मात्र परवा फोनवर ऐकली आणि तिकडून नुसत्या बोटांनी टेबलावर केरवा धरला. पुढच्या गॅदरिंगच्या ऑडिशनला मी असेन. तोपर्यंत रूम पार्टनरला सॉरी!