ताटी आणि म्यूट

आज वाचनात मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग होते. खरं सांगतो, पुढे जाताच येईना.

प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर महाराज दार लावून आत बसलेत आणि धाकटी बहीण बाहेरून विनवते आहे, ताटी उघडा. ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांचं साधं दार. आवाज आत पोचत असणारच! अडसर दाराचा नव्हता, दुखावलेल्या मनाचा होता. लोकांनी अपराध केला हे मुक्ताई नाकारत नाही. संत कसा असतो याची आठवण देते आणि पुन्हा तीच विनवणी करते. दरवेळी.

आता माझं. नोकरी बदलण्यावरून बाबांशी फोनवर वाजलं. ‘तुला काय कळतंय?’ म्हणाले. मी फोन कट केला आणि त्यांचं चॅट म्यूट केलं. म्यूट हं, ब्लॉक नाही. म्हणजे त्यांचे मेसेज मी रोज वाचत होतो. ‘जेवलास का?’ ‘पाऊस आहे का तिकडे?’ नऊ दिवस मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो, हे सॉरी कधी म्हणणार? अहो, बाबांच्या भाषेत ‘जेवलास का’ हेच सॉरी असतं. ऐकू येत होतं, पण मला माझाच शब्द हवा होता.

संध्याकाळी फोन लावला. ‘थांब, टीव्ही बारीक करतो,’ बाबा म्हणाले. मग थोडा वेळ दोघंही गप्प. नोकरीवर अजून एकमत नाही. उद्या परत बोलणार आहोत.