बघायचं काय, खायचं काय

१. आपल्या गावाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटतं, कारण कोणी कधी विचारत नाही. भाची आणि जावई सिसिलीला जाऊन आले. कळवणमधल्या आमच्या गच्चीवर बसून मोबाइलवर अग्रिजेंतोची ग्रीक देवळं झाली, धुमसणारा एटना झाला. मग जावयांनी दक्षिणेकडे बोट केलं, "मामा, तो मधेच खाच पडलेला डोंगर कुठला?" म्हटलं, धोडप. तिथून जे प्रश्न सुरू झाले, ते मी चहाचं निमित्त करून खाली उतरेपर्यंत थांबले नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या देवळांचं कौतुक मी मान डोलावून ऐकून घेतलं होतं. समोरची सातमाळा डोंगररांग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे, हे मात्र मला रात्री पुस्तकात बघावं लागलं. एटना अजून तापलेला आहे, आमचा कधीच निवला, एवढाच काय तो फरक.

२. किल्ल्यावर इतिहास सांगायचा नसतो, कारण सांगणाऱ्याला धाप लागलेली असते. धोडपच्या पायथ्याच्या हट्टी गावातून निघताना मी जोरात होतो. १७६८ साली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना इथेच गाठलं, हरवलं आणि पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं, हे रंगवून सांगायचं ठरलं होतं. पहिल्या चढाला "माधवरावांनी" झालं, "राघोबांना" दरवाजाशी. बिचाऱ्या जावयांनी उरलेलं आपणच जुळवून घेतलं. वरच्या त्या सरळसोट कातळभिंतीपाशी सगळे गप्प झाले. ती भिंत कोणी बांधलेली नाही. जमिनीच्या भेगेत घुसून थिजलेला लाव्हा तो. आजूबाजूचा खडक पावसापाण्याने झिजून गेला, हा उभा राहिला. तिच्या सावलीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाल्ला. पुढे कितीतरी दिवस भाचीच्या तोंडी राघोबादादांचं नाव नव्हतं, त्या कांद्याचं होतं.

३. देवीचा गड शांत दिवशी बघावा असं शहाणे लोक सांगतात. मला ते पटत नाही. सप्तशृंग बघायचा तर चैत्रात. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत अख्खा खानदेश रस्त्यावर असतो. धुळे-जळगावकडची माणसं उन्हातान्हात पायी येतात, डोक्यावर टोपी, खांद्यावर झेंडा, पायाला फोड. वाटेवर गावोगावचे लोक मांडव टाकून ताक, कलिंगड, वरणभात घेऊन उभे असतात आणि "घ्या ना माउली" म्हणत अक्षरशः हात धरून बसवतात. जावई पाकीट काढायला लागले, तर वाढणाऱ्या आजींनी पैशांकडे न बघता पानात आणखी एक पळी भात घातला. चतुर्दशीच्या रात्री दरेगावचे गवळी-पाटील शिखरावर ध्वज लावतात. तो मान त्यांच्याच घराण्याचा. ते नेमके कुठून चढतात, याची चर्चा खाली बसून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत. (लोक "वणीची देवी" म्हणतात. वणी दिंडोरी तालुक्यात, गड कळवण तालुक्यात. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि प्रत्येक पाहुणा विसरतो.)

४. सवयीचं रूप बदललं की आपणही पाहुणे होतो. आमच्या लहानपणापासून देवी म्हणजे शेंदराने भरलेली, भव्य, मोठ्या डोळ्यांची. २०२२ मध्ये मूर्तीच्या जतनाचं काम झालं, वर्षानुवर्षं साचलेला शेंदराचा थर उतरवला, तो हजार किलोंच्या वर भरला, आणि खालून दगडातलं कोरीव काम वर आलं. अठरा हातांची आयुधं मी तोंडपाठ सांगायचो. ती नीट दिसली ती तेव्हा. २०१८ पासून डोंगराच्या पोटाला चिकटून चढणारी ट्रॉली आहे, पाचेकशे पायऱ्यांचं काम काही मिनिटांत होतं. पायऱ्यांनी जाण्याचा आग्रह मी अजून धरतो, गुडघे मात्र ट्रॉलीच्या बाजूने मत देतात.

५. कळवणचं जेवण कळवणच्या हॉटेलात मिळत नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. भाची म्हणाली, सिसिलीत कुठल्याही साध्या खानावळीत शिरा, त्या गावचाच पदार्थ पहिला समोर येतो, वर मालक अभिमानाने दोन गोष्टी सांगतो. "मामा, इथलं खास कुठे मिळेल?" मी आठवून पाहिलं. जिकडे जावं तिकडे पनीर मसाला, काजू करी, तंदुरी रोटी. फार तर शेवभाजी. खास ते सगळं घरात, तेही सणावाराला. शेवटी वहिनींना शरण गेलो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ होती, त्यांनी खापर काढलं. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं, खाली धगधगता जाळ. पुरण भरलेली पोळी जराशी लाटायची, मग दोन्ही हातांवर घेऊन, या कोपरावरून त्या कोपरावर झुलवत एवढी मोठी करायची की तिच्यातून उजेड दिसावा, आणि एका झटक्यात खापरावर टाकायची. चुकली तर फाटते, आणि फाटलेली पोळी वहिनी पाहुण्याच्या पानात जाऊ देत नाहीत. घडी घालून, तूप सोडून, आमरसाबरोबर. जावयांनी हातांवर पोळी घ्यायचा प्रयत्न केला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते घरातले आहेत.

६. ताटावरून तालुका वाचता येतो. पूर्वेला कांदा, बाजरी, ठेचा. पश्चिमेला अभोण्याच्या पुढे, इंग्रजांनी १९११ साली गिरणेवर बांधलेल्या चणकापूर धरणाच्या अंगाला, पाऊस वाढतो, भातखाचरं लागतात आणि भाकरी काळसर होते: नागलीची. कोकणा आदिवासी कुटुंबात सालासकट उडदाची आमटी आणि ती भाकरी जेवलो. पावसाळ्यात सोबत कुर्डू, करटोली. हा परिसर १९३० च्या जंगल सत्याग्रहातला. जंगल कोणाचं, या भांडणात माणसं उतरली त्यात ही भाजीही होतीच, असं मला ताटावर बसल्यावर वाटलं.

७. वांग्याला गर्व नसतो. सिसिलीत वांग्याची आंबटगोड कापोनाता भाची-जावयांनी मोठ्या चवीने खाल्ली होती. वांगं मूळचं आपल्याकडचं, अरबांच्या हातून भूमध्य समुद्रापर्यंत गेलेलं, हे कळल्यावर मला उगाच अंगावर मूठभर मांस चढलं. जावई सौम्यपणे म्हणाले, "पण मामा, भरितातली मिरची बाहेरून आलेली." खरं आहे. ती पोर्तुगीजांनी आणलेली.

८. पाहुण्यांना काय आवडेल हे आपण ठरवू नये. भाचीने सर्वांत जास्त फोटो कांदाचाळीचे काढले.

९. शेजारच्या बागलाणातला साल्हेर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. आता लोक येतील, वाटेत कळवण लागेल. त्यांना पनीर मसाला वाढून परत पाठवू नये, असं मनापासून वाटतं. कोणा बचतगटाने निदान आखाजीच्या आठवड्यात खापराच्या पोळीची खानावळ काढावी. पहिलं गिऱ्हाईक मी. आणि तोवर तुमचं आमच्याकडे येणं झालं, तर किती जण आहात ते आदल्या रात्रीच सांगा. पुरण शिजवायला आणि खापर तापायला वेळ लागतो.