बिटाच्या रश्शातला बगदादी कुब्बा

कढीगोळे करताना वऱ्हाडात आधी एकच गोळा उकळत्या कढीत सोडून पाहतात. तो फुटला नाही, की मग बाकीचे. ही सवय अंगात मुरलेल्या खामगावच्या कुठल्याही घरात बगदादी ज्यूंचा कुब्बा जमेल. रव्याच्या पारीत खिमा भरून आंबटगोड रश्शात शिजवलेला हा गोळा.

डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. पुढे बगदादकडची आणखी ज्यू कुटुंबं मुंबई-पुण्यात स्थिरावली. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि पुण्याचं लाल देऊळ ही त्यांचीच प्रार्थनास्थळं. ससूनांचा कापसाचाही मोठा व्यापार होता, आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे झाल्यावर वऱ्हाडचा कापूस थेट गाडीत बसून मुंबईकडे जाऊ लागला.

एक गोष्ट आधीच पक्की करावी. ज्यू स्वयंपाकात मांस आणि दूधदुभतं एकत्र येत नाही. म्हणजे फोडणीला तूप नाही, रश्शात दही-ताक नाही. तेल आणि लिंबू. कोकणातले बेने इस्राएल नारळाचं दूध वापरतात, तेही याच कारणानं. हा नियम पाळलाच पाहिजे, नाहीतर पदार्थ वेगळाच होतो.

पारीसाठी दोन वाट्या बारीक रवा, पाव वाटी मैदा, मीठ आणि चमचाभर तेल घ्या. पाऊण ते एक वाटी पाणी लागेल तसं घालत मऊ भिजवा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. रवा पाणी पीत जातो, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा मळायचाच. दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर आणखी पाण्याचा हबका द्या.

तोवर सारण करा. पाव किलो मटणाचा किंवा कोंबडीचा खिमा, दोन बारीक चिरलेले कांदे, हळद, मिरेपूड आणि मीठ तेलावर परता. पाणी पूर्ण आटलं पाहिजे; ओलं सारण पारी फोडतं. गार झाल्यावर मूठभर कोथिंबीर मिसळा.

रश्शासाठी कांदा आणि दोन टोमॅटो तेलावर परता. तीन मध्यम बिटांच्या फोडी, दीड लिटर पाणी आणि मीठ घालून बीट मऊ होईपर्यंत शिजवा. मगच एका लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर घाला. लिंबू आधी पिळलं तर बीट शिजायला रेंगाळतं. अगदी शेवटी पिळलं तर तोवर रंग उतरू लागतो.

आता हात ओले करून लिंबाएवढा गोळा घ्या, अंगठ्यानं वाटी करा, चमचाभर सारण भरा आणि पुरणाचा उंडा बंद करतात तसं तोंड मिटवा. आत हवा राहू देऊ नका. पारी जाड ठेवण्याचा मोह होतो, पण मग आतून पीठ लागतं. बोटानं चाचपल्यावर सारण जाणवेल इतकी पातळ हवी. अठरा-वीस कुब्बे होतात. भरलेले कुब्बे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा.

रस्सा उकळला की एक कुब्बा सोडा. दोन-तीन मिनिटं तग धरली तर बाकीचे एकेक करून सोडा. तळाला चिकटू नयेत म्हणून भांडं हलकेच हलवा, डाव फिरवू नका. आच मंद करून, झाकण तिरपं ठेवून पंचवीस मिनिटं शिजवा. खळखळ उकळी आली तर कडा सुटतात. कुब्बे वर तरंगले तरी लगेच काढू नका. एक मोडून पारी मधोमध शिजली का ते पाहा. शेवटी चव घेऊन आणखी लिंबू पिळा.

पेसाहच्या सणात रवा चालत नाही. तेव्हा तांदळाची पारी करतात. मांस न खाणाऱ्यांनी बटाटा आणि परतलेला कांदा भरावा.

गरम भातावर रश्शासकट वाढा. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी घट्ट होतो, कारण रवा फुगतच राहतो. तापवताना वाटीभर उकळतं पाणी घाला आणि मीठ-लिंबू पुन्हा बघा.